बोटीवर तान्हीला कुणी घेतलं होतं

हमीदा,

शुक्रवारी इथल्या मराठी मंडळानं तुझी शोकसभा घेतली. तू नव्हतीस हे फारच जाणवलं, कारण अशा सभेत मागच्या खुर्चीवर बसून माझ्या कानाशी बोलणारं दुसरं कुणी मला गल्फमधल्या या बेटावर मिळालेलं नाही. तीन भाषणं झाली. तिघांनीही तुला हसतमुख म्हटलं. तू हसतमुख नव्हतीस. तुझा चेहरा व्हिसाच्या खिडकीतल्या माणसासारखा होता, कागद पुरे असल्याखेरीज न हलणारा. सचिवांनी तर तू अहेवपणी गेलीस, भाग्यवान होतीस, असं सांगून डोळे पुसले. तुझ्या फोटोला हार घातलेला होता. तुझ्या अन्वरभाईंनी तो एकदा पाहिला आणि सभा संपेपर्यंत फरशीकडे बघत बसले. निघताना सचिवांनी तोच हार प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या हातात दिला. ते "शुक्रिया" म्हणाले. तुझी लेक नाझिया दोनच वाक्यं बोलली, इंग्रजीत, आणि सगळ्या सभेत तेवढीच खरी होती.

मलाही बोला म्हणाले. मी नाही म्हटलं. तुझ्याबद्दल सांगण्यासारखं जे मला ठाऊक आहे ते सभेत सांगण्यासारखं नाही. शिवाय तेव्हा ते संपलेलंही नव्हतं. काल अन्वरभाईंबरोबर मी तुबलीला गेले आणि तुझ्या वतीनं एक निर्णय घेऊन आले. तो दगडात कोरला जातोय, त्यामुळे आता बदलता यायचा नाही. तुला विचारायची सोय नव्हती. निदान कसा घेतला ते सांगायला हवं, आणि त्यासाठी फ्रँकच्या यादीपासून सुरुवात करायला हवी.

कुवेतची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. उम्म अल हस्सममधल्या त्या इमारतीत आपली दारं समोरासमोर होती. मी शाळेत हिंदी शिकवत होते. तू जहाजांच्या एजंटाकडे टायपिस्ट म्हणून लागून खलाशांच्या याद्यांपर्यंत पोचली होतीस: कुठल्या बोटीवर कोण चढणार, कोण उतरणार, कुणाचा व्हिसा झाला, कुणाचा अडकला. ऑफिसातून आल्यावर तू चपला काढायच्या आधी माझं दार वाजवायचीस. "काय गो घाटणी, आज किती पोरांना नापास केलंस?" मी कराडची, म्हणून घाटीण. तू दाभोळच्या खाडीकाठची, म्हणून तुला वाटायचं की समुद्रावर जे जे चालतं ते तुमच्या घरचं.

फ्रँक हा गोदीत जहाजदुरुस्तीवर आलेला अमेरिकन इंजिनिअर. बुदैयाच्या रस्त्याला एका व्हिलात एकटा राहायचा. आईकडचे आजी-आजोबा इटलीतल्या कुठल्याशा डोंगरातल्या गावचे. आई न्यूजर्सीत, ऐंशीच्या पुढची. त्याच्या कामासाठी तू याद्या करायचीस, म्हणून एक दिवस त्यानं तुला विचारलं, जुन्या बोटीची यादी वाचता येईल का. तू म्हणालीस, यादी ती यादी, जुनी काय नवी काय. आणि तो दर गुरुवारी संध्याकाळी फोटोकॉप्या घेऊन तुझ्या जेवणाच्या टेबलाशी येऊ लागला. अन्वरभाई शिफ्टला असले की तू मला बोलावून घ्यायचीस, सोबतीला. त्या सोबतीतून मी त्या घराण्यात गुंतले.

त्याच्या आईचं नाव अँजेलिना. ती अकरा महिन्यांची असताना तिचा बाप कार्मिने तिला घेऊन नेपल्सहून अमेरिकेला आला, एवढं नक्की. बरोबर एक बाई होती, ती वर्षभरात वारली. बापानं दुसरं लग्न केलं आणि आधीच्या बाईचं नाव घरात कधी काढलं नाही. अँजेलिना जरा मोठी झाल्यावर सावत्र आईच्या बहिणीनं तिला बाजूला घेऊन सांगितलं की तुझी खरी आई गावातच राहिली, रडत. बोटीवर तुझ्या बापानं आणली ती भलतीच बाई होती. सांगणारी मरून गेली. ऐकणारी सत्तर वर्षं ते घेऊन राहिली. आता तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती. आपली आई त्या बोटीवर होती की नव्हती.

अमेरिकेत बंदरावर उतरलेल्या प्रत्येक बोटीची यादी सरकारनं फिल्मवर उतरवून ठेवलेली आहे, हे तेव्हा आपल्याला कळलं. फ्रँकचा एक मावसभाऊ तिकडे सुट्टीच्या दिवशी मशीनसमोर बसून ती फिल्म फिरवायचा आणि कार्मिने दि मार्को दिसला की पानाची प्रत काढून पोस्टानं पाठवायचा. पहिल्या पाकिटातला कार्मिने वयानं फार मोठा निघाला. दुसऱ्यातला गाव वेगळं लावत होता. फ्रँक प्रत्येक वेळी हरखून यायचा आणि तू प्रत्येक वेळी पट्टी लावून त्याला घरी पाठवायचीस. ती तुझी पोलादी पट्टी. ओळीखाली पट्टी, आणि पानाच्या उरलेल्या भागावर कोरा कागद. मी म्हटलं होतं, सगळं पान उघडं ठेव ना, वाचायला गंमत येते. तू म्हणालीस, "एका पानावर चार एजंटांची माणसं असतात. आपल्या ओळी बघायच्या, खलास. दुसऱ्याच्या ओळीत डोकावणारा मुलगा आमच्याकडे टिकत नाय."

गंमत मात्र होती. त्या यादीत किती रकाने होते. लिहिता येतं का, हातपाय धड आहेत का, तिकिटाचे पैसे कुणी दिले, तिकडे कुणाकडे जाणार. आणि मधेच, आपण बहुपत्नीक आहात काय? आपण सरकार उलथवण्याच्या मताचे आहात काय?

"आणि मिस्टर फ्रँक, ह्यांनी सगळ्यांनी 'नाही' लिहिलंय," तू गंभीरपणे म्हणालीस.

मी म्हटलं, "हो म्हणणारा बोटीपर्यंत पोचतच नसेल."

"आमच्या फॉर्मात एवढं विचारत नाय," तू म्हणालीस. "नायतर अर्धं मनामा रिकामं झालं असतं."

तिसरं पाकीट आलं त्या गुरुवारी मात्र कुणी हसलं नाही. गाव बरोबर होतं. वय बरोबर. ज्या भावाकडे जायचं त्याचं नाव बरोबर. कार्मिने दि मार्को, सव्वीस. त्याच्या खालच्या ओळीत फिलोमेना, बावीस, आणि तिचं आडनाव दि मार्को नव्हतं. दुसरंच काहीतरी होतं, शाई फुटलेली. त्याच्या खाली अँजेलिना दि मार्को, अकरा महिने.

फ्रँकनं त्या मधल्या ओळीवर बोट ठेवलं. मग त्यानं तुला विचारलं, "मिसेस हमीदा, तुम्ही काय म्हणाल?"

तू पट्टी उचललीस. "बायको असती तर नवऱ्याचं नाव लावलं असतं."

एवढंच. तुझ्या आवाजात एक प्रकारचं समाधान होतं. ते फ्रँकला कळलं नाही, मला कळलं, आणि मला ते आवडलं नाही.

तो गेल्यावर मी म्हटलं की ती विवाहित असल्याचं त्या रकान्यात लिहिलंय. "हो," तू म्हणालीस, "कुणाशी ते कुठं लिहिलंय?" उत्तर बिनतोड होतं. माझा गुरुवार वाया गेला. तुझ्याशी वाद घालून मी एरवीही क्वचितच जिंकले असेन, पण हरल्यानंतरही आपलं बरोबर होतं असं वाटायला लावणारी तू एकटीच.

आपण दोघी ज्या जगातून आलो तिथं दुसरं काही सुचणंही अवघड होतं म्हणा. माझंच बघ. कराडात जन्मले ती शालन. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं अनुराधा लिहिलं, आणि शालन त्या ताटात राहिली ती राहिलीच. इथं नोकरीला अर्ज केला तर डिग्री शालनची, पासपोर्ट अनुराधाचा. दोघी एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ते तूच टाइप करून दिलंस आणि वर म्हणालीस, "तुझ्या प्रभाकररावांनी एका व्हिसावर दोन बायका आणल्या." तुझ्याही पासपोर्टवर अन्वरभाईंचंच नाव. फ्रँकच्या घटस्फोटित बायकोनंसुद्धा त्याचं आडनाव अजून ठेवलेलं. एका टेबलाशी बसलेल्या तिघांचं ज्या गोष्टीवर एकमत असतं ती गोष्ट खरी असेलच असं नाही, पण तपासायचं कुणाच्या मनात येत नाही.

माझ्या मनात आलं ते तुझ्या ऑफिसातल्या फातिमामुळे. तुझ्या शेजारच्या टेबलावरची, इथलीच, मुहर्रकची. तिची मुलं माझ्या शाळेत नव्हती, पण एकदा तुझ्याकडे आली होती तेव्हा मी नावं विचारली. मुलांची नावं बापाची, हिचं स्वतःचं नाव तिच्या बापाचं. लग्नाला वीस वर्षं झालेली आणि नवऱ्याच्या नावाचा स्पर्श नाही. तू वर्षानुवर्षं तिच्याशेजारी बसून चहा पीत होतीस.

ऑपरेशन त्यानंतर दोन आठवड्यांनी, सोमवारी होतं. फ्रँकनं ठरवलं, आदल्या शुक्रवारी आईला फोन करून जे आहे ते सांगायचं. एकट्यानं सांगवणार नाही म्हणून तो तुझ्या घरून फोन करणार होता. आपल्याकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. त्या दिवशी तू सांदणं करत होतीस. दुःखाची बातमी सांगायला येणाऱ्या माणसासाठी कुणी सांदणं वाफवतं का, असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, रिकाम्या पोटी काय सांगणार तो.

मग मी फातिमाचं काढलं.

"ती अरब गो. हे युरोपातले. युरोपात नवऱ्याचं नाव लावतात, दुनियेला ठाऊक हाय."

"कुठल्या युरोपात? कधी? तुला माहीत आहे?"

"तुला हाय?"

"मला नाही माहीत. म्हणूनच म्हणतेय. मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. आणि तो एका म्हातारीला ऑपरेशनआधी सांगणार की तुझ्या बापानं तुझ्या आईला टाकलं."

"टाकलं असेल तर टाकलं. खरं सांगायला नको?"

"खरं असेल तर."

तू वाफेचं झाकण उचललंस आणि परत ठेवलंस. "तुम्हा शिकल्या-सवरल्यांना ना, सगळ्यात जर-तर लागतं. मना ठाव हाय बोटीवरून जाणारे कसे असतात. माझा बाप गेला तेव्हा मी दोन वर्षांची. मुंबईहून मोंबासाला. एक वर्ष सांगावा येत होता. मग नाय. गावातला एक जण जाऊन आला, म्हणाला, दाऊदनं तिकडं घर केलंय. आई मरेपर्यंत दार लावून झोपली नाय. आता तू मना फातिमाचं सांग."

तेव्हा मी जे बोलले ते तू विसरली नव्हतीस, हे मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "हमीदा, तुझा बाप त्या बोटीवर नव्हता."

ते वाक्य मी आजही मागे घेणार नाही. पण ते बोलल्यावर तू ज्या रीतीनं ओटा पुसायला लागलीस, स्वच्छ ओटा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, ते मला अजून दिसतं. मला वाटलं, आता ही मला घरी जा म्हणेल. तू म्हणाली नाहीस. बेल वाजली.

फ्रँक दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, जणू आई फोनमधून बघणार होती. त्यानं कागद टेबलावर पसरला. सांदणाला हात लावला नाही. मग म्हणाला, "त्या बाईचं आडनाव मला नीट वाचून द्या. आई विचारेल. निदान नाव तरी बरोबर सांगतो."

तू पट्टी लावलीस, वर कोरा कागद धरलास. शाई फुटलेलं अक्षर काही लागेना. तू म्हणालीस, "ह्याच कारकुनानं असं अक्षर दुसरीकडं कसं काढलंय, बघावं लागेल." आणि त्या सगळ्या गुरुवारांत पहिल्यांदा तू तो कोरा कागद बाजूला घेतलास. सबंध पान उघडं झालं. तुझं बोट एकेका आडनावावरून खाली जाऊ लागलं, अक्षर शोधत.

मधेच ते थांबलं. परत वर गेलं, परत खाली आलं, हळू. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू पट्टी टेबलावर ठेवलीस.

"मिस्टर फ्रँक," तू म्हणालीस, "ह्या बोटीवर कुणाचंच लग्न झालेलं नाही."

तो गोंधळून बघायला लागला. तू बोट ठेवून दाखवलंस. पुरुष, खाली बाई, आडनाव वेगळं. खाली पोरं, आडनाव पुरुषाचं. त्याखाली दुसरं कुटुंब, तेच. तिसरं, तेच. एक म्हातारा, एक म्हातारी, नातवंडं, तिथंही तेच. "एवढी सगळी गावं दुसऱ्याच्या बायका घेऊन पळत होती काय? त्यांच्यात बाई आपलं नाव सोडत नसेल. आमच्या फातिमासारखं."

फ्रँकनं खुर्ची ओढून घेतली आणि बसला. मी "म्हटलं नव्हतं मी?" असं म्हणाले नाही. खरं तर मी काहीच म्हटलं नव्हतं, फक्त माहीत नाही एवढंच म्हटलं होतं. ते सगळं पान दोन आठवडे आपल्यासमोर होतं. आपण तीन ओळी बघत होतो, कारण बाकीच्या आपल्या नव्हत्या.

आणि तिथंही मला स्वस्थ बसवेना. मी मराठीत म्हटलं, "हमीदा, ह्यानं एवढंच सिद्ध होतं की ती बायको असू शकते. तीच ह्याची आजी, हे नाही सिद्ध होत. गावच्या कचेरीत लिहून जन्माची नोंद मागवायला सांग, मग..."

तू माझ्याकडे बघितलंस. त्या नजरेचं भाषांतर करायची गरज नव्हती. मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात शंका मनात असून तोंड मिटल्याचे प्रसंग फार नाहीत, म्हणून हा लक्षात आहे.

त्यानं फोन लावला. सुरुवातीला हवापाणी, औषधं, शेजारीण. मग तो म्हणाला, "मॉम, यादी मिळाली. बोटीवर तुझी आई होती. तुझ्या वरच्याच ओळीत आहे. फिलोमेना." पलीकडून ती काहीतरी बोलली आणि फ्रँकचा चेहरा कसातरी झाला. त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला आणि तुझ्याकडे वळून, जसं काही तू त्या बोटीवर होतीस, तसं विचारलं:

"ती विचारतेय, बोटीवर मला कुणी घेतलं होतं?"

हमीदा, त्या यादीत एवढे रकाने होते. वेड आहे का, पूर्वी तुरुंगात होता का, खिशात किती आहेत. ह्याला रकाना नव्हता. मला वाटलं, आता तू म्हणशील की ते लिहिलेलं नाही. तू तशीच होतीस. जे लिहिलेलं नाही ते नाही.

तू म्हणालीस, "आईनं."

"नक्की?"

"माझं रोजचं काम आहे, मिस्टर फ्रँक. तान्हं मूल ज्याच्या अंगावर, त्याच्या ओळीखाली लिहितात. बापाच्या अंगावर असतं तर बापाखाली लिहिलं असतं. ती आईखाली आहे. सांगा त्यांना."

त्यानं सांगितलं. मग तो नुसताच ऐकत राहिला, मान हलवत, आणि ती तिकडे हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, त्यालाही कळलं नसावं. फोन ठेवल्यावर त्यानं सगळी सांदणं संपवली.

तो गेल्यावर तू कप विसळत होतीस. मी विचारलं, "असा नियम खरंच आहे? की तिथल्या तिथं रचलास?"

"खलास गो," तू म्हणालीस. "झालं ना."

"मला माहीत असायला हवं."

"तुला सगळंच माहीत असायला हवं असतं. म्हणून तुला झोप लागत नाय." मग नळ बंद करून, माझ्याकडे पाठ ठेवूनच तू म्हणालीस, "बाप गेला त्या दिवशीचं मना एकच आठवतं. बंदराला पडाव लागला होता, लोकांची गर्दी, आणि मी उंचावर. कुणीतरी मना खांद्यावर घेतलेलं. सगळ्यांची डोकी खाली. आई म्हणायची, मामा होता. बाप कशाला घेईल, त्याला जायची घाई." तू कप उपडा ठेवलास. "कुणी घेतलं होतं ते कुणी लिहून ठेवलंय थोडंच."

ह्यावर मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मला काय म्हणायचं होतं ते आजही नीट माहीत नाही. तू लगेच अन्वरभाईंच्या डब्याचं बोलायला लागलीस.

फ्रँकचं काम संपलं आणि तो परत गेला. त्याचं कार्ड आलं: ऑपरेशन पार पडलं, आईनं ते पान काचेत घालून पलंगाशेजारी लावलंय. जन्माची नोंद मागवली का, त्यात काय निघालं, ह्याबद्दल अवाक्षर नाही. मी त्याला लिहून विचारते म्हटलं तर तू मला त्याचा पत्ताच दिला नाहीस. "म्हातारी जिवंत हाय तोवर नाय." त्यावरून आपण किती भांडलो. तू म्हणायचीस, मला माणसापेक्षा खरेपणाची पडलेली असते. मी म्हणायचे, तू गेली चाळीस वर्षं एका ऐकीव गोष्टीवर बापाला शिक्षा देतेयस आणि परक्याच्या आजोबाला एका पट्टीवर सोडून दिलंस. ह्यावर तू एकदा नुसती "हां" म्हणालीस. तुझ्याकडून मिळालेली ती सगळ्यात मोठी कबुली. त्यापुढं जाण्याआधी आपल्या इमारती बदलल्या, मग दर आठवड्याची भेट महिन्याची झाली, आणि आपण दोघींनी हा वाद पुढं कधीतरी निवांतपणे संपवू असं धरून ठेवलं. निवांतपणा हे आपल्या गल्फमधल्या लोकांचं सगळ्यात मोठं थोतांड आहे. सगळं गावी गेल्यावर करणार असतो आपण.

आता काल.

तुबलीत गॅरेजांच्या ओळीत एक संगमरवराचं वर्कशॉप आहे. अन्वरभाईंना तुझ्या कबरीशी ठेवायला छोटासा दगड हवा होता, नुसत्या नावाचा. एकटे जायला नको म्हणाले. मला कबरस्तानात येता आलं नव्हतं, म्हणून मी निघाले. कारागीर राजस्थानचा. हातभर पांढरा दगड त्यानं पुसून समोर ठेवला, कानामागची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "नाम बोलिए."

"हमीदा."

"बिन्त किसकी?"

अन्वरभाईंनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. तो थांबला. "ये तो शौहर हुए, साब. यहाँ पत्थर पे शौहर का नाम नहीं चलता. कब्रस्तानवाले वापस भेजेंगे. बाप का बोलिए."

शेजारच्या गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. अन्वरभाई माझ्याकडे वळले.

"वहिनी, तिनं लग्नानंतर बापाचं नाव कुठंच लावलं नाही. पासपोर्टवर माझं, बँकेत माझं. नाझियाला आजोबांचं नावसुद्धा सांगू दिलं नाही. मी एकदा घरात दाऊद म्हटलं तर दोन दिवस बोलली नव्हती. आता कायमचं त्याचं नाव तिच्या उशाशी लावू? का नुसतं हमीदा राहू दे?"

कारागीर पेन्सिल धरून उभा होता. नुसतं हमीदाही चाललं असतं, त्यानं तसं सांगितलं. मी त्या दगडाकडे बघत होते आणि मला ओटा पुसणारी तू दिसत होतीस. मला माहीत नाही, असं म्हणायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. तेच खरं होतं. आयुष्यभर तेच म्हणत आले.

"दाऊद लिहा," मी म्हटलं. "बिन्त दाऊद."

"तिला चाललं असतं?"

"तो गेला त्या दिवशी बंदरावर त्यानं तिला खांद्यावर घेतलं होतं."

अन्वरभाईंनी विचारलं, "असं ती म्हणाली? तुम्हाला?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला. परत लावला. मग कारागिराला म्हणाले, "लिखो," आणि त्यानं पेन्सिलीनं दगडावर आधी तुझं नाव काढलं.

तू असं म्हणाली नव्हतीस, हमीदा. मला माहीत आहे. तू मामा म्हणाली होतीस, तेही आईच्या तोंडचं. कशावरून सांगितलंस असं विचारशील, आणि तसं विचारणारी आता तू एकटीच आहेस. पण तान्हं मूल ज्याच्या अंगावर, त्याच्या नावाशी लिहितात. नियम तुझाच आहे.